लीलावतींतला गोल आणि मोटारीची मूठ

मोटार हांकणाऱ्या गृहस्थाचा उजवा हात सुकाणूच्या चक्रावर असतो, आणि डावा हात वारंवार ज्या एका वस्तूकडे जातो ती वस्तु म्हणजे गियरच्या दांड्याच्या शेंड्यावर बसविलेली मूठ. इंजिन, ब्रेक, टायर यांविषयीं हौसेनें बोलणारे पुष्कळ भेटतात. या मुठीविषयीं बोलणारा विरळा. वास्तविक पाहतां गर्दीच्या रस्त्यावर तासभर गाडी चालवावयाची म्हटली तर हाताचा आणि तिचा संबंध किती वेळां येतो याची गणती करणें कठीण. ती लहान असेल तर बोटें आंवळावीं लागतात. खडबडीत असेल तर तळव्याला टोंचते. असली ही क्षुल्लक वस्तु आपल्या हाताच्या मापानें, धातूची, घरच्या घरीं लेथवर कांतून तयार करण्याचा छंद कांहीं सुशिक्षित तरुणांना जडलेला असतो. आमच्या पुतण्याला तो जडला, आणि त्या निमित्तानें आम्हांला जें पाहावयास व शिकावयास मिळालें तें वाचकांपुढें ठेवण्याचें योजिलें आहे.

हा विषय कारखान्यांतला, तो कुटुंबांत वाचल्या जाणाऱ्या मासिकांत कशाला, असें कोणी विचारील. त्यास आमचें उत्तर इतकेंच, कीं ज्या घरांत मुलांच्या हातीं पुस्तक देण्याची चाल शेंकडों वर्षांची, त्याच घरांत मुलांच्या हातीं कानस देण्याची भीति वाटते. ही भीति कितपत योग्य व कितपत अयोग्य, याचा निवाडा एखादें उदाहरण बारकाईनें पाहिल्याशिवाय होत नाहीं.

मुठीचा पूर्वेतिहास

गियर बदलण्याची कटकट मोटारीच्या जन्मापासूनची आहे. १८९० नंतरच्या दशकांत फ्रान्समधील पानार आणि लव्हासोर यांच्या कारखान्यानें सरकत्या दातेरी चाकांची गियरपेटी प्रचारांत आणली. १९०१ सालच्या मर्सिडीज गाडींत विल्हेल्म मायबाख यांनीं दांड्याला खांचांच्या चौकटींतून फिरण्याचा ठराविक मार्ग करून दिला. आज मुठीवर आंकड्यांची जी आकृति कोरलेली असते तिचें मूळ अशा चौकटींत आहे. पुढें १९२८ सालीं कॅडिलॅक गाडींत सिंक्रोमेशची योजना झाली. तिच्या योगानें दात्यांचा वेग आधीं जुळतो व मग दांते एकमेकांत शिरतात, म्हणून खडखडाट होत नाहीं. १९३९ सालीं ओल्ड्समोबिल गाड्यांसाठीं पूर्ण स्वयंचलित गियरपेटी बाजारांत आली, आणि तेव्हांपासून या दांड्याचें महत्त्व कमी होत गेलें. विजेच्या मोटारींत तर बहुधा गियर बदलण्याचें कामच उरलेलें नाहीं.

असें असूनहि नांवाजलेल्या कारखान्यांनीं या मुठीकडे दुर्लक्ष केलेलें नाहीं. १९६९ सालच्या पोर्शे ९१७ या शर्यतीच्या गाडींत वजन वांचविण्यासाठीं मूठ बाल्सा नांवाच्या अत्यंत हलक्या लांकडाची होती. उलटपक्षीं जपानांतील होंडा कारखान्यानें १९९२ च्या एनएसएक्स टाइप आर गाडींत टायटॅनियम धातूची मूठ बसविली. आणि २०२० च्या सिव्हिक टाइप आर गाडीच्या ॲल्युमिनियमच्या मुठींत मुद्दाम ९० ग्रॅमचें वजन घातलें. एकानें वजन काढावें आणि दुसऱ्यानें तें घालावें, हें वरवर पाहणाऱ्याला चमत्कारिक वाटेल. परंतु दोघांचेंहि हेतु निराळे आहेत. पहिल्याला सबंध गाडी हलकी करावयाची होती. दुसऱ्याला हाताचें सुख साधावयाचें होतें. जड मूठ एकदां हालूं लागली म्हणजे आपल्याच वेगानें पुढें जाते आणि दांड्याला मधल्या अडसरांतून सहज ओढून नेते. उखळांतलें जड मुसळ वापरणाऱ्या बायकांना हें तत्त्व न सांगतां कळतें.

कणकेचा गोळा

आमचे ज्येष्ठ बंधु, ज्यांना घरांत सर्व जण दादा म्हणतात, यांचें वय ७२ वर्षांचें आहे. अद्याप ते स्वतः गाडी चालवितात, आणि तेवढें एक स्वातंत्र्य सोडावयास ते तयार नाहींत. गेल्या दोन वर्षांत त्यांच्या डाव्या अंगठ्याच्या मुळाशीं सांधा दुखूं लागला. गाडीची मूळची मूठ लहान. ती धरावयाची म्हणजे बोटें पुरीं मिटावीं लागत. घरांत हळूहळू चर्चा सुरू झाली, कीं आतां दादांनीं गाडी सोडावी. दादा कांहीं बोलत नसत. परंतु त्या विषयावर बोलणें निघालें म्हणजे ते पानावरून लौकर उठत, हें सर्वांच्या ध्यानांत आलें होतें.

त्यांचा मुलगा, म्हणजे आमचा पुतण्या, व्यवसायानें संगणकावर काम करणारा. त्यानें एके दिवशीं स्वयंपाकघरांतून मळलेल्या कणकेचा गोळा आणून वडिलांच्या हातीं दिला आणि म्हणाला, "बाबा, गाडी चालवतांना धरतां तसा हा धरा; दाबूं नका." मग त्यानें तो गोळा मधोमध कापून मापला. ज्या जाडीला बोटें अर्धवट मिटलेलीं राहून हात विसांवत होता ती जाडी सुमारें ५० मिलिमीटर भरली. तितक्या व्यासाचा गोल करावा असें ठरलें.

अशी मूठ बाजारांत मिळत नाहीं काय? मिळते, आणि घरीं यंत्र आणून ती करण्यापेक्षां विकत घेणें स्वस्तहि पडतें, हें प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. परंतु बाजारची मूठ बाजारच्या मापाची. शिवाय दांड्याच्या टोंकाचे आंटे गाडीगाडीनुसार बदलतात. होंडाच्या गाड्यांत बहुधा १० मिलिमीटर जाडी व १.५ मिलिमीटर अंतराचे आंटे असतात. टोयोटाच्या पुष्कळ गाड्यांत १२ मिलिमीटर जाडी व १.२५ अंतराचे. कांहीं युरोपीय गाड्यांत आंटेच नसतात, मूठ नुसती खटक्यानें बसते. कांहींच्या मुठीखालीं उलट गियरसाठीं उचलावयाचें कडें असतें. तें अडेल अशी मूठ बसविली तर गाडी मागें घेतां यावयाची नाहीं. म्हणून कामाला हात घालण्यापूर्वीं मूळची मूठ काढून आंट्यांची मापनी लावून पाहणें हें पहिलें कर्तव्य. दादांच्या गाडीचे आंटे १० व १.५ असे निघाले.

भास्कराचार्यांची साक्ष

आतां धातु कोणता घ्यावा, हा प्रश्न आला, आणि येथें आमची गणना सुरू झाली. ५० मिलिमीटर, म्हणजे ५ सेंटिमीटर व्यासाच्या गोलाचें घनफळ किती? शके १०७२ मध्यें, म्हणजे इसवी सन ११५० मध्यें, भास्कराचार्यांनीं रचलेल्या लीलावतींत व्यवहाराला उपयोगी अशी एक रीति दिली आहे: व्यासाचा घन करून त्याचें अर्ध करावें आणि त्यांत त्याचाच एकविसावा अंश मिळवावा. ५ चा घन १२५. त्याचें अर्ध ६२.५, त्याचा एकविसावा अंश सुमारें २.९८, बेरीज सुमारें ६५.५ घन सेंटिमीटर. पुतण्यानें संगणकावर काढलेलें उत्तर ६५.४५ आलें. इतका सूक्ष्म मेळ पाहून त्याला जितकें आश्चर्य वाटलें तितकें आम्हांला वाटलें नाहीं. परंतु आनंद मात्र झाला.

या घनफळाला धातूच्या घनतेनें गुणिलें म्हणजे वजन मिळतें. ॲल्युमिनियमची घनता २.७, म्हणून गोल सुमारें १७७ ग्रॅम, टायटॅनियमची ४.५, म्हणून सुमारें २९५ ग्रॅम. साध्या पोलादाची ७.८५, म्हणून सुमारें ५१४ ग्रॅम. पितळेची सुमारें ८.५, म्हणून ५५६ ग्रॅम. आंट्यांसाठीं भोंक पाडल्यावर यांतून पितळेचे १४-१५ ग्रॅम व ॲल्युमिनियमचे ४-५ ग्रॅम कमी होतात. एकाच आकाराच्या दोन वस्तूंत तिपटीहून अधिक फरक! पुतण्यानें दोन्ही करावयाच्या ठरविल्या: हात बसावा म्हणून आधीं मऊ ॲल्युमिनियमची, आणि मग पितळेची.

लीलावतीचा उपयोग येवढ्यावर संपला नाहीं. लेथवर लांकडाचा वा धातूचा दंडगोल करणें सोपें. कारण हत्यार सरळ रेषेंत सरकतें. गोल करावयाचा तर हत्याराला वर्तुळाकार गति देणारें एक स्वतंत्र साधन लागतें. तें नसेल तर दुसरा मार्ग पायऱ्यांचा आहे. गोलाच्या टोंकापासून अमुक अंतरावर व्यास किती हवा, याचें कोष्टक करावें, त्याप्रमाणें पायऱ्या कापाव्या, आणि मग कानशीनें त्यांचे कोपरे उतरवावे. हें कोष्टक म्हणजे भास्कराचार्यांच्या शर आणि जीवा यांच्या नियमाचेंच दुसरें रूप होय. व्यासांतून शर वजा करावा, बाकीला शरानें गुणावें, गुणाकाराचें वर्गमूळ काढून दुप्पट करावें, ती जीवा. टोंकापासूनचें अंतर हा शर, आणि तेथें ठेवावयाचा व्यास ही जीवा.

५० व्यासाच्या गोलांत शर १ असतां ४९ गुणिलें १ म्हणजे ४९, मूळ ७, जीवा १४. शर ५ असतां ४५ गुणिलें ५ म्हणजे २२५; मूळ १५; जीवा ३०. शर १० असतां जीवा ४०. शर १८ असतां ४८. आणि शर २५ असतां साहजिकच ५०. मधल्या अंतरांना अपूर्णांक येतात, म्हणून अर्ध्या अर्ध्या मिलिमीटरचें कोष्टक त्यानें यंत्राजवळ भिंतीला चिकटविलें. तीस वर्षें आम्हीं शाळेंत जीवा आणि शर यांच्या आकृति फळ्यावर काढल्या. पितळेच्या अंगावर ती आकृति उमटतांना पाहण्याचा योग सेवानिवृत्तीनंतर आला.

पडवींतला लेथ

लेथ लहान, टेबलावर मावणारा, वजन सुमारें ४० किलो. तो मागच्या पडवींत जड टेबलाला बोल्टांनीं आंवळून बसविला. कामाचा क्रम असा: ५५ मिलिमीटर जाडीच्या दांड्याचा तुकडा चकमध्यें धरून त्याचें तोंड सपाट करावें, आणि जाडी ५० वर आणावी. मग मधोमध ८.५ मिलिमीटरचें भोंक ३० मिलिमीटर खोल पाडावें. १० व १.५ च्या आंट्यांना हेंच भोंक योग्य, कारण जाडींतून आंट्याचें अंतर वजा केलें म्हणजे तें माप येतें. आंटे पाडतांना वीज बंद ठेवून चक हातानें फिरवावा. टॅप एक फेरा पुढें आणि अर्धा फेरा मागें, म्हणजे कीस तुटून मोकळा होतो. मग खालचा अर्धगोल पायऱ्यांनीं कापावा. तळाशीं १ मिलिमीटरचा शर सोडून दिला म्हणजे १४ मिलिमीटरची सपाट बैठक आपोआप मिळते. नंतर तुकडा करवतीनें वेगळा करून १० मिलिमीटर आंट्यांच्या एका खुंटीवर उलटा आंवळावा आणि वरचा अर्धगोल कापावा. आंटे उजव्या वळणाचे असल्यामुळें कापण्याच्या जोरानें तुकडा खुंटीवर अधिकच घट्ट बसतो, सुटत नाहीं.

वेगाचें गणितहि सोपें आहे. ५० व्यासाचा परीघ १५७ मिलिमीटर. पितळ मिनिटाला सुमारें ६० मीटर वेगानें कापावयाचें तर ६०,००० ला १५७ नीं भागून मिनिटाला सुमारें ३८० फेरे होतात. साधें पोलाद असतें तर २५ मीटरच्या हिशेबानें १६० फेरेच ठेवावे लागले असते. धातूधातूचा स्वभावहि निराळा. ॲल्युमिनियम हत्याराला चिकटतें, म्हणून त्यावर मधून मधून रॉकेलचे थेंब सोडावे लागतात. पितळेला तेल लागत नाहीं. परंतु हत्याराच्या माथ्याला मागें उतार दिलेला असेल तर पितळ हत्याराला आंत ओढून घेतें. म्हणून तो माथा सपाटच ठेवावा.

पायऱ्या पुऱ्या झाल्यावर त्यांच्या आंतल्या कोपऱ्यांत निळी शाई लावावी. हे आंतले कोपरे बरोबर गोलाच्या पृष्ठावर असतात. म्हणून कानस मारतां मारतां शेवटची निळी रेघ नुकतीच पुसली जाईल तेथें थांबावें. गोल खरा झाला कीं नाहीं, याची परीक्षा फार सुंदर आहे. सपाट कापलेल्या पाइपचा एक तुकडा गोलावर कोठेंहि टेकवून उजेडासमोर धरावा. गोल शुद्ध असेल तर कडेखालून कोठूनहि प्रकाश दिसत नाहीं. पहिल्या ॲल्युमिनियमच्या गोलाखालून प्रकाश दिसला. तो पुन्हा चढवून दोन संध्याकाळ घांसल्यावर दिसेनासा झाला.

वहिनींचे नियम

हें सर्व सुरळीत झालें असें वाचकांनीं समजूं नये. लेथ घरांत आला त्या दिवशीं आमच्या वहिनी आम्हांला म्हणाल्या, "भावोजी, तुम्ही त्याला अमरकोश शिकवलात तेव्हां त्याच्या दहाहि बोटांची मला काळजी नव्हती. आतां तुम्हीच त्याला उत्तेजन देतां!" या बोलण्यांत थट्टा अर्धीच होती. फिरतें यंत्र दयामाया जाणत नाहीं. म्हणून वहिनींच्या आग्रहावरून कांहीं नियम कागदावर लिहून पडवीच्या दारावर लाविले गेले. ते येथें देतों.

यंत्र फिरत असतां हातमोजे घालूं नयेत. मोजा अडकला म्हणजे हात ओढला जातो. लांब बाह्या, ओढणी, मोकळे केंस, आंगठी, बांगडी, बाहेर लोंबणारें जानवें यांपैकीं कांहींहि यंत्राजवळ येऊं नये. डोळ्यांवर संरक्षक चष्मा असल्यावांचून वीज चालूं करूं नये. चकची किल्ली चकमध्यें क्षणभरहि ठेवून हात काढूं नये. ती तशीच राहून यंत्र सुरू झालें तर बंदुकीच्या गोळीसारखी उडते. मूठ नसलेली कानस वापरूं नये, आणि पॉलिशचा कागद बोटाला गुंडाळून फिरत्या कामावर धरूं नये. कीस हातानें ओढूं नये. यंत्र थांबवून ब्रशनें झाडावा. मुलांनीं पडवींत यावयाचें तें पायांत चपला घालून, आणि मोठें मनुष्य बरोबर असेल तरच. शेवटचा नियम वहिनींचा स्वतःचा: सहज कापल्या जाणाऱ्या पितळेंत दोन-तीन टक्के शिसें असतें हें कळल्यावर त्यांनीं ठरविलें, कीं पडवींतला केरसुणा घरांत यावयाचा नाहीं, आणि साबणानें हात धुतल्याशिवाय कोणी पानावर बसावयाचें नाहीं. सोंवळ्याचा हा नवा अर्थ आम्हांला सर्वथैव मान्य आहे.

पितळ कीं ॲल्युमिनियम?

पितळेची मूठ तयार झाली तेव्हां देवघरांतल्या समईसारखी झळकत होती. ती बसवून दादांनीं दोन दिवस गाडी चालविली. गियर लोण्यांतून सुरी जावी तसे पडत, असें त्यांनीं सांगितलें; अंगठ्यालाहि आराम होता. तिसऱ्या दिवशीं खड्ड्यांच्या रस्त्यावर एका मोठ्या गचक्यासरशी दांडा तिसऱ्या गियरमधून आपोआप बाहेर आला. सुदैवानें पुढें मागें वाहन नव्हतें. मेकॅनिकनें पाहून कारण सांगितलें: गाडी जुनी, दांड्याखालचीं बुशें झिजलेलीं, आणि वर अर्धा किलोहून अधिक वजन, गचका बसतांच तें वजनच दांड्याला ओढतें. जो गुण गियर बदलतांना उपयोगी पडतो तोच गचक्याच्या वेळीं दोष ठरतो.

बुशें बदलून झालीं तरी पितळेची मूठ पुन्हा बसविली गेली नाहीं. तिच्या जागीं १७२ ग्रॅमची ॲल्युमिनियमची मूठ बसली, आणि तीच आज आहे. ज्यांना असा उद्योग करावयाचा आहे त्यांनीं हें ध्यानांत ठेवावें: जड मुठीची हौस असेल तर आधीं गियरची जुळणी तपासून घ्यावी, आंटे निदान आठ-दहा फेरे पुरे बसल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणूं नये, आणि मूठ कितीहि सुंदर झाली तरी तिच्यावर हात विसांवत ठेवूं नये, कारण त्या भारानें आंतले भाग झिजतात. वैशाखांत उन्हांत उभ्या केलेल्या गाडींत धातूची मूठ हात भाजण्याइतकी तापते; तीवर जुन्या धोतराचा तुकडा टाकून ठेवण्याची सोपी युक्ति दादांनीं काढली आहे.

हाताचें शिक्षण

गियरचा दांडाच नाहींसा होत असतां त्याच्या मुठीसाठीं इतका खटाटोप कां, हा प्रश्न आम्हांला अनेकांनीं विचारला. प्रश्न रास्त आहे. कदाचित् आमच्या नातवंडांना गियर बदलणें म्हणजे काय हें सांगूनच कळेल. परंतु मूठ जुनी झाली तरी ती करतांना आलेली विद्या जुनी होत नाहीं. शतांश मिलिमीटर म्हणजे किती, हें ज्याच्या बोटांना एकदां कळलें तो पुढें कोणत्याहि मापाकडे बेफिकीरपणें पाहत नाहीं. चूक झाली तर पडद्यावरचें अक्षर पुसतां येतें. कापलेला धातु परत चिकटत नाहीं. हा धडा ग्रंथांतून शिकविण्याचा आम्हीं पुष्कळ वर्षें यत्न केला. पितळेनें तो एका आठवड्यांत शिकविला.

आपल्याच पुण्यांत कसबा पेठेच्या बाजूला तांबट आळी आहे. तेथल्या कारागिरांनीं पिढ्यान् पिढ्या हातोड्याच्या ठोक्यांनीं तांब्याच्या हंड्यांवर मठारकाम केलें, आणि तीं भांडीं आपल्या घरांत आलीं. आपण भांडें घेतलें, पण भांडें करणाऱ्याच्या हातांतली विद्या ही विद्या आहे, असें आपल्या मुलांना किती घरांत सांगितलें गेलें? लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १९१० सालीं किर्लोस्करवाडी वसविली तेव्हां शिकलेल्या माणसानें लोखंडाला हात लावण्यांत कमीपणा नाहीं हें कृतीनें दाखविलें. त्याला आतां शतकाहून अधिक काळ लोटला. तरी अजून आपल्याकडे हुशार मुलाला यंत्र चालविण्यापेक्षां यंत्रावरचा निबंध लिहावयास सांगण्याची संवय आहे.

आमच्या घरापुरतें सांगावयाचें तर दादांनीं गाडी सोडावी हा विषय तूर्त बंद आहे. तो पुन्हा निघेल तेव्हां त्यांच्या दृष्टीचा आणि प्रकृतीचा विचार करून निघेल, मुठीच्या मापावरून निघणार नाहीं. पितळेचा गोल आमच्या मेजावर कागद दाबण्याच्या कामीं येतो. धाकटा नातू परवां तो हातांत घेऊन विचारीत होता, कीं याचें वजन न तोलतां सांगतां येईल काय. त्याला आम्हीं फूटपट्टी दिली, आणि व्यासाचा घन करावयास बसविलें आहे.